सहकारी घडवा, विसावा घ्या



गायकवृंद, धर्मशिक्षणाचे शिक्षक, लहान ख्रिस्ती समूह, युवा संघटना, महिला मंडळ, अशा अनेक गटांतून धर्मग्रामाचे काम चालते. बहुतेक ठिकाणी एखादी व्यक्ती अशी असते की तिच्यावाचून पान हलत नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. कपाटाची चावी तिच्याकडे, हिशेबाची वही तिच्याकडे, कोणाला निरोप द्यायचा हेही तिलाच ठाऊक. ती आजारी पडली की काम अडते. ती दमून बाजूला झाली की कधीकधी तो गटच बंद पडतो. म्हणून आज आपण बायबलच्या आधारे दोन गोष्टींचा एकत्र विचार करू या: सहकाऱ्यांना घडवणे आणि वेळेवर विसावा घेणे. या गोष्टी वेगळ्या वाटतात, परंतु एकीशिवाय दुसरी साधत नाही.

१. इथ्रोचा सल्ला

निर्गमच्या १८ व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला भेटायला येतो. दुसऱ्या दिवशी तो पाहतो, तर मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसला आहे आणि लोक भोवती ताटकळत उभे आहेत. विचारल्यावर मोशे म्हणतो की, लोक देवाची इच्छा जाणून घेण्यासाठी माझ्याकडे येतात. हे खरेच होते. तरीही इथ्रोने त्याला स्पष्ट सांगितले की ही रीत बरी नाही. अशाने तूही थकून जाशील आणि लोकही थकतील. इथ्रोला जावयाची काळजी होती, तशीच तिष्ठत उभ्या असलेल्या लोकांचीही होती.

त्याने दिलेला सल्ला क्रमाने पाहण्यासारखा आहे. आधी लोकांना देवाचे नियम व मार्ग शिकव. मग देवाचे भय बाळगणारी, विश्वासू, लाच न घेणारी माणसे निवड. हजार, शंभर, पन्नास आणि दहा अशा गटांवर त्यांना नेम. लहान प्रकरणे त्यांनी पाहावीत, अवघड तेवढी तुझ्याकडे आणावीत. म्हणजे शिकवणे, निवडणे, सोपवणे आणि अडचणीत पाठीशी राहणे. आपण पुष्कळदा न शिकवताच काम सोपवतो आणि ते बिघडले की, ‘बघा, शेवटी मलाच करावे लागते,’ असे म्हणतो. मोशेने मात्र सासऱ्याचे म्हणणे मानले.

२. यहोशवा कसा घडला?

मोशेनंतर लोकांचे नेतृत्व करणारा यहोशवा एका दिवसात तयार झाला नाही. अमालेक्यांशी लढाई झाली तेव्हा मोशेने रणांगण त्याच्यावर सोपवले आणि स्वतः टेकडीवर गेला. तेथे मोशेचे हात भरून आले, तेव्हा अहरोन व हूर यांनी त्याला बसायला दगड दिला आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सावरून धरले (निर्गम १७). मोशेने ही मदत नाकारली नाही. पुढे देवाच्या पर्वतावर जाताना त्याने यहोशवाला सोबत नेले (निर्गम २४). एलदाद व मेदाद छावणीत संदेश देऊ लागले, तेव्हा मोशेचा मान कमी होईल या भीतीने यहोशवाने त्यांना मनाई करण्याची मोशेला विनंती केली. मोशेने त्याला समजावले की, परमेश्वराची सारी प्रजाच संदेष्टे झाली तर मला आनंदच आहे (गणना ११).

शेवटी आपल्या मागे लोक मेंढपाळाविना राहू नयेत म्हणून मोशेने स्वतःच देवाकडे वारस मागितला. जिवंतपणीच, सर्व मंडळीसमोर, त्याने यहोशवावर हात ठेवले आणि आपला काही अधिकार त्याला दिला (गणना २७).

३. प्रभू येशूची रीत

प्रभूने बारा जणांना निवडले ते आधी आपल्याबरोबर राहण्यासाठी आणि मग पाठवण्यासाठी (मार्क ३:१४). पाठवताना त्याने त्यांना दोघादोघांच्या जोड्या करून दिल्या. परत आल्यावर त्यांनी केलेले व शिकवलेले सारे त्याला सांगितले. लोकांची ये-जा इतकी होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. तेव्हा प्रभूने त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले (मार्क ६:३०-३१). त्यांनी स्वतः सुट्टी मागितली नव्हती. त्यांचा थकवा गुरूने ओळखला.

तो विसावा नीट मिळालाच नाही, कारण लोक आधीच तेथे पोहोचले होते. प्रभूला त्यांचा कळवळा आला. त्याने त्यांना शिकवले आणि पाच हजार पुरुषांच्या त्या समुदायाला जेवू घातले. मात्र संध्याकाळी त्याने शिष्यांना मचव्यातून पुढे पाठवले, लोकांना निरोप दिला आणि तो प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. गरजू माणूस दारात आला तर विसावा मोडावा लागतो. पण मोडलेला विसावा पुन्हा शोधावाही लागतो.

४. ख्रिस्तसभेची शिकवण

१९८३ च्या धर्मसंहितेतील नियम १२४७ नुसार रविवारी व आज्ञापित सणांच्या दिवशी श्रद्धावंतांनी मिस्सामध्ये सहभागी व्हावे. तसेच उपासना, प्रभूच्या दिवसाचा आनंद आणि मनाची व शरीराची योग्य विश्रांती यांना अडथळा आणणारी कामे टाळावीत. नियम ५३३ प्रमुख धर्मगुरूंना वर्षाला एक महिन्यापर्यंत रजेची मुभा देतो आणि वार्षिक तपसाधनेचे दिवस त्यात धरले जात नाहीत.

पोप फ्रान्सिस यांनी २२ डिसेंबर २०१४ रोजी रोमन कुरियातील सहकाऱ्यांपुढे सेवेकऱ्यांना जडणाऱ्या पंधरा आजारांची यादी मांडली. पहिला आजार, आपल्यावाचून चालणारच नाही असे वाटणे. दुसरा, मार्थेसारखे कामात बुडून जाणे आणि विश्रांतीकडे दुर्लक्ष करणे. हे दोन आजार त्यांनी लागोपाठ सांगितले.

५. आपण काय करू शकतो?

प्रत्येक जबाबदारीला एक जोडीदार असावा. आधी त्याने आपले काम पाहावे, मग बरोबर करावे, मग त्याने करावे आणि आपण पाहावे. त्यानंतर एखाद्या रविवारी आपण मुद्दाम नुसते भाविक म्हणून बाकावर बसावे. ‘शिकवण्यापेक्षा आपणच केलेले लवकर होते,’ असे आपण म्हणतो. पहिल्या वेळी ते खरेही असते. दहाव्या वेळी मात्र ते खरे नसते.

‘कोणी पुढेच येत नाही,’ ही तक्रारही नेहमीची. मिस्सानंतरची सूचना सर्वांसाठी असते, म्हणून ती कोणाचीच नसते. प्रभूने शिष्यांना त्यांच्या कामाच्या ठिकाणी जाऊन बोलावले. आपणही घरी जाऊन, नाव घेऊन विचारावे. नवख्याकडून चूक झाली तर चारचौघांत न बोलता त्याला बाजूला घेऊन सांगावे.

महिन्यातील एक रविवार तरी बैठकीशिवाय ठेवावा. तो दिवस घरच्यांसाठी असावा. आणि एखाद्या सेवेकऱ्याने सहा महिने विश्रांती घेतली, तर ‘हल्ली दिसत नाही!’ असा टोमणा कोणी मारू नये. बरे वाटते ना, एवढे विचारावे.

समूहात चर्चेसाठी

१. माझे काम उद्या कोण करू शकेल? त्याला मी काय शिकवले आहे?
२. आपल्या समूहात कोण दमले आहे? आपण कोणते ओझे हलके करू शकतो?
३. गेल्या रविवारी मी घरच्यांसोबत किती वेळ घालवला?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू शिष्यांना सेवेला पाठवलेस आणि विसाव्यालाही बोलावलेस. आमच्या हातांना दुसऱ्याचा हात धरून शिकवण्याचे औदार्य दे आणि काम तुझे आहे यावर विसंबून थांबण्याचा विश्वास दे. आमेन.