तीन टेबलं, एक युद्ध

मित्रांनो, दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केला नाही असा आपल्यात क्वचितच कोणी सापडेल. वर महाराज, पायऱ्यांवर मावळे आणि उतारावर हळिवाची शेती! हेच मावळे फूटपट्टीने मोजून पुढे सरकवले आणि चकमकीचा निकाल फाशाने लावला, की झाला वॉरगेम. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सनेच १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं अशा खेळाच्या नियमांचं पुस्तक काढलं होतं.

गेल्या गॅदरिंगला आम्ही असा खेळ तीन टेबलांवर मांडला आणि तो साफ फसला. का फसला आणि यंदा कसा मांडायचा, ते सांगतो.

कथानक

ते घरचंच घेतलं. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने ८ तारखेला शिड्या लावून नगरची पेठ घेतली, १० तारखेला भुईकोट किल्ल्यावर तोफा डागल्या आणि १२ तारखेला शिंद्यांचा हा किल्ला पडला. आम्ही हे सगळं मंगळावर नेलं. पेठेच्या जागी बाहेरची वस्ती, तोफखान्याच्या जागी कक्षेतलं यान आणि किल्ल्याच्या जागी मुख्य घुमट.

चूक कुठे झाली?

इतिहासाचा क्रम आम्ही जसाच्या तसा उचलला. आधी वस्ती, मग यान, मग घुमट. म्हणजे सरळ सिरीज सर्किट! वस्तीचा सामना लांबला आणि घुमटावरची मुलं तासभर नुसती बसून राहिली. शेवटी ती कँटीनला गेली ती परत आलीच नाहीत. एक बल्ब गेला, सगळी माळ विझली.

उपाय : पॅरलल जोडणी

तिन्ही टेबलं एकाच वेळी सुरू करायची. त्यांच्यामध्ये दुवे तीनच ठेवायचे :

१) वस्तीतला अँटेना हल्लेखोरांनी घेतला, तर यानाच्या नेमबाजीच्या फाशात १ मिळवायचा.
२) यानाचा नेम लागला, तर घुमटाचं कवच १ ने कमी.
३) घुमटाचे रक्षक भुयारातून एक तुकडी वस्तीकडे पाठवू शकतात. मात्र तेवढे सैनिक घुमटातून उचलायचे!

तिसरा दुवा सर्वांत महत्त्वाचा. त्यामुळे वर्तुळ पुरं होतं आणि हरणाऱ्या बाजूच्या हातातही काहीतरी राहतं.

दुव्याचा निरोप चिठ्ठीवर लिहायचा आणि तो पुढच्या फेरीत लागू करायचा. ओरडून सांगायचं नाही. प्रशियाच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकात अधिकाऱ्यांना नकाशावर युद्धखेळ शिकवत, तिथेही हुकूम पंचामार्फतच जात. निरोप उशिरा पोचणं हीच तर लढाईची खरी गंमत!

वेळेचं गणित

एका टेबलावर ६ खेळाडू, प्रत्येकाला ३ मिनिटं, म्हणजे १८. चिठ्ठ्यांसाठी २ मिनिटं. एक फेरी २० मिनिटांची, ६ फेऱ्या म्हणजे बरोबर २ तास. घंटा एकच, तिन्ही टेबलांना. घंटेपर्यंत जो हलला नाही, त्याची तुकडी जागेवरच. चिठ्ठी एक फेरी उशिरा लागते, म्हणून सहाव्या फेरीत चिठ्ठी घ्यायची नाही. माणसं लागतील २२ : खेळाडू १८, टेबलागणिक एक पंच आणि घंटा वाजवून चिठ्ठ्या फिरवणारा मुख्य पंच.

विजय तिन्ही टेबलांच्या गुणांची बेरीज करून ठरवायचा, म्हणजे कोणतंही टेबल बिनकामाचं ठरत नाही.

सामान

बाहेरच्या महागड्या मूर्तींची गरज नाही. दिवाळीतले मावळे चंदेरी रंगवले की झाले अंतराळवीर. घुमटाला जुनी कढई उपडी घाला, बाकी पुठ्ठा आहेच. आम्ही रंगकामात दोन आठवडे घालवले आणि तालमीला एक संध्याकाळही दिली नाही. यंदा उलट करणार आहोत. आधी कागदावर नाणी ठेवून पूर्ण सहा फेऱ्या खेळायच्या आणि मगच ब्रश हातात घ्यायचा.

तेव्हा मंडळी, दिवाळी झाली की माळ्यावर टाकायला निघालेले मावळे जपून ठेवा. त्यांची मंगळावर ड्यूटी लागली आहे!