किडनी बिघडवणारी गोळी नेमकी कोणती?

‘डॉक्टर, ही गोळी कायम घेतली तर किडनी खराब होणार नाही ना?’ बीपीची गोळी लिहून दिली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांची मला चिंता नसते, त्यांना समजावता येतं. चिंता वाटते ती मुकाट्याने चिठ्ठी घेऊन जाणाऱ्यांची. ते महिनाभर गोळी घेतात आणि मग मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ बघून ती परस्पर बंद करतात.

म्हणून आधी स्पष्ट सांगतो. किडनीला खरा धोका आहे तो वाढलेल्या बीपीचा. किडनीत रक्त गाळणाऱ्या अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचे लाखो झुबके असतात. दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की ते एकेक करून निकामी होतात, आणि बराच काळ माणसाला काहीही जाणवत नाही. डायलिसिसची वेळ येणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच सर्वांत मोठी कारणं आहेत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या गोळ्या तर मधुमेहात लघवीतून प्रथिनं जायला लागली की किडनी जपण्यासाठीच दिल्या जातात. आणि लोक नेमक्या त्याच बंद करून येतात.

गेल्या पावसाळ्यात साठी ओलांडलेल्या एक मावशी सुनेबरोबर आल्या. चेहरा सुजलेला, पायांवर बोट दाबलं की खड्डा पडत होता. बीपी १९०/११०, किडनीचं काम किती चालतंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ३.८, म्हणजे बरंच वाढलेलं. बीपीची गोळी त्यांनी काही महिन्यांपूर्वीच सोडली होती. ‘मग आता काय काय घेता?’ म्हटल्यावर सुनेने पिशवी टेबलावर उपडी केली. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची रिकामी पाकिटं रबर लावून ठेवलेली होती. सोबत कागदात बांधलेल्या करड्या पावडरीच्या पुड्या, आठवडी बाजारात मिळालेल्या. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही’ असं सांगून विकलेल्या. मावशी म्हणाल्या, ‘अहो, किडनी जपायची म्हणूनच तर बीपीची गोळी सोडली मी!’

त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? राग येतो तो पुडी विकणाऱ्याचा आणि कॅमेऱ्यासमोर बसून ‘गोळ्या फेकून द्या’ सांगणाऱ्यांचा. त्यांच्यापैकी कोणीही डायलिसिसच्या खाटेशेजारी येऊन उभा राहत नाही.

डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन आपल्याकडची गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणून जनावरांसाठी या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. घाबरू नका, माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही. धडधाकट माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-चार दिवस घेतलेल्या गोळीने बहुधा काही बिघडत नाही. पण वय साठीपुढचं, बीपी किंवा शुगर असलेली, आणि गोळी रोजची, तर धोका खरा आहे. त्यातही टेल्मिसार्टन-रामिप्रिलसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि अशी पेनकिलर ही तिन्ही एकत्र म्हणजे किडनीवर मोठाच घाला. आणि पुडीने दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, पुढे चेहरा गोल दिसायला लागला, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्या. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल, तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा. शरीराला स्टेरॉइडची सवय झालेली असेल, तर अचानक बंद करणंही जिवावर बेतू शकतं.

मग बीपीच्या गोळ्यांना दुष्परिणाम नाहीतच का? आहेत. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, रामिप्रिलने कोरडा खोकला लागतो. दोन्हींवर पर्याय आहेत, गोळी बदलून मिळते. तक्रार मात्र तुम्ही सांगायला हवी. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं. ही तपासणी टाळू नका. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं, तर याच गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागू शकतात. त्या दिवशी फोन करून विचारा. गर्भारपणात तर त्या चालतच नाहीत, म्हणून दिवस राहिल्याची शंका आली तरी लगेच सांगा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर छातीत दुखण्यापासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं.

औषधाच्या खोक्यातला कागद वाचून धडकी भरते, हे मला कळतं. पण त्यात ‘दुर्मीळ’ लिहिलेला परिणाम हजारात एकालाही होत नाही. औषध लिहिताना आम्ही तो धोका आणि औषध न घेतल्यास येणारा पक्षाघात शेजारी शेजारी ठेवतो. तुम्हीही दोन्ही बाजू विचारा: ‘घेतली तर काय, नाही घेतली तर काय?’ हे विचारणं तुमचा हक्क आहे.

पुढची लक्षणं दिसली तर मात्र वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा:

• ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं, श्वास अडकणं.
• अंगावर पुरळ आणि सोबत ताप, किंवा तोंडात फोड.
• डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी.
• डोळे पिवळे होणं, लघवी खूप कमी होणं.
• कोलेस्टेरॉलच्या गोळीवर असताना स्नायू खूप दुखणं आणि लघवी गडद तपकिरी होणं.
• मधुमेहाच्या गोळीवर असताना घाम, थरथर, बरळणं, म्हणजे शुगर खूप उतरल्याची खूण. माणूस शुद्धीत असेल तर आधी साखर द्या, मग निघा. ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी एकादशीचा उपवास विचारल्याशिवाय धरू नये.

दुष्परिणामाची नोंद सरकारी यंत्रणेकडे तुम्हाला स्वतःलाही करता येते. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा टोल-फ्री क्रमांक आहे.

मावशींची पेनकिलर थांबवली, पुडी सांभाळून सोडवली, बीपी आटोक्यात आणलं. क्रिएटिनिन उतरलं, पण पूर्ववत झालं नाही. डायलिसिस मात्र तूर्त टळलं आहे. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून इतकंच करा: पुढच्या वेळी दवाखान्यात येताना घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमं, काढे आणि पुड्या घेऊन या. काहीही लपवू नका, कोणी ओरडणार नाही. आणि तोवर बीपीची गोळी आजचीही चुकवू नका.