दार उघडा, कागद घ्या

माझ्या घटस्फोटाचे कागद नेदरलँड्समधल्या आर्नहेममध्ये मला घरपोच मिळाले. तेव्हापासून इथल्या आणि नाईमेखनकडच्या मराठी बायका, क्वचित एखादा पुरुषही, फोन करून विचारतात, 'आता काय करू?' मी वकील नाही. या वाटेने गेलेली आहे, एवढाच माझा अधिकार.

१. कागद घेतला नाही म्हणून खटला थांबत नाही. आई साताऱ्याहून फोनवर म्हणाली, "घेऊच नकोस गं, सहीही करू नकोस." आपल्याकडे बेलिफाला परत पाठवण्यात लोकांना शहाणपण वाटतं. पण तिथेही नाकारलेलं समन्स शेवटी दारावर चिकटवलं जातं, नाहीतर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते आणि निकाल एकतर्फी लागतो. इथे तर तेवढीही ओढाताण नाही. इथला बेलिफ, म्हणजे ड्युरवार्डर, घरी कोणी नसलं तर बंद पाकीट पत्रपेटीत टाकून जातो. झाली बजावणी. तुमच्या सहीची त्याला गरज नसते.

२. तो पोलीस नव्हे. सकाळी सातच्या आधी, रात्री आठनंतर, रविवारी किंवा सुटीच्या दिवशी तो एरवी येत नाही. ओळखपत्र मागा, दाखवतो. शेजारीण पडद्याआडून बघत असेल तर बघू दे.

३. पाकिटातली पहिली बघायची गोष्ट म्हणजे मुदत. नवऱ्याने काय आरोप केले असतील या धास्तीने आपण पानं चाळत बसतो. इथल्या कायद्यात घटस्फोटाला कारण एकच, संसार कायमचा मोडला आहे, त्यामुळे आरोप फारसे नसतातच. आमचा अर्ज वालबर्गस्ट्राटवरच्या गेल्डरलँड न्यायालयात होता. अर्ज दाखल झाल्यापासून १४ दिवसांत तो जोडीदारावर बजावावा लागतो आणि बजावणीनंतर उत्तराला सहा आठवडे मिळतात. विरोध करायचा तर वकील लागतोच. गप्प बसलात तर न्यायाधीश बहुधा अर्जात मागितलंय तेच देऊन मोकळे होतात. घर, पोटगी, मुलं सगळ्याबाबत. पहिला सल्ला युरिडिश लोकेटमध्ये फुकट मिळतो आणि उत्पन्न कमी असेल तर सरकारी मदतीवर वकीलही. नवऱ्याच्या परवान्यावर इथे आला असाल तर वास्तव्याचा प्रश्न पहिल्याच भेटीत काढा. तो मागाहून काढला की वकीलही कपाळाला हात लावतात.

दोघांनी मिळून एकच अर्ज केला तर बजावणीच लागत नाही. एक वकील पुरतो. बोलणं शक्य असेल तर हाच मार्ग बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

४. घर सोडलंत तर पालिकेत पत्ता बदला. बेलिफ आधी तिथली नोंद बघतो. पत्ता सापडलाच नाही तर कागद सरकारी वकिलांच्या कार्यालयात जातात आणि सूचना राजपत्रात छापली जाते. राजपत्र कोण वाचतं?

५. जोडीदार भारतात असेल तर घाई करून उपयोग नाही. कुरियरने पाठवू, व्हॉट्सॲपवर टाकू, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा ग्राह्य धरल्या होत्या खऱ्या, पण ते प्रकरण क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं होतं. परदेशी न्यायालयाच्या कागदांसाठी १९६५ चा हेग करार आहे. भारतात तो १ ऑगस्ट २००७ पासून लागू झाला आणि थेट टपालाने बजावणी करायला भारताने तेव्हाच नकार नोंदवला. म्हणून कागद इंग्रजी भाषांतरासह दिल्लीला कायदा मंत्रालयात जातात आणि तिथून संबंधित न्यायालयामार्फत पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या दारात पोचतात. यात महिने जातात. भारतातल्या जोडीदाराला उत्तराला मुदतही तीन महिन्यांची असते.

६. इथला निकाल तिथे चालेलच असं नाही. यावर मी सगळ्यात जास्त वेळ बोलते आणि लोक सगळ्यात कमी ऐकतात. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात सांगून ठेवलंय की परदेशी घटस्फोट मान्य व्हायचा तर कारण आपल्या कायद्यात बसणारं हवं, आणि समोरच्याने त्या न्यायालयापुढे खरोखर बाजू मांडलेली हवी किंवा निकालाला त्याची संमती हवी. संसार कायमचा मोडला, हे कारण हिंदू विवाह कायद्यात आजही नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर घटस्फोट देता येतो असं म्हटलं, पण तो स्वतःच्या विशेष अधिकारात. तेव्हा पाकीट पोचलं, पलीकडचा माणूस गप्प राहिला, तर आर्नहेममध्ये तुम्ही मोकळे आणि पुण्यात कदाचित अजून विवाहित. पुन्हा लग्न करायचं असेल किंवा गावी सामायिक फ्लॅट असेल, तर भारतातल्या वकिलालाही गाठा. संमती असेल तर तिथे कलम १३ ब खाली अर्ज होतो.

७. मुलांना आधी सांगा. दार बऱ्याचदा तेच उघडतात. बारा वर्षांवरच्या मुलाला न्यायाधीश स्वतः पत्र पाठवून त्याचं म्हणणं विचारतात. ते पत्र हातात पडून त्याला बातमी कळू नये. आणि अर्ज करणाऱ्याने बेलिफ पाठवण्याआधी एक फोन करावा. मला तसा फोन आला होता. नवऱ्याबद्दल बाकी काही चांगलं बोलायची माझी तयारी नाही, पण हे त्याने नीट केलं.

८. निकाल हाती आला म्हणजे घटस्फोट झाला असं समजू नका. अपिलाची तीन महिन्यांची मुदत संपून निकाल अंतिम झाला, की सहा महिन्यांच्या आत त्याची नोंद व्हावी लागते. लग्न भारतात झालं असेल तर ती सहसा हेगच्या पालिकेत होते. मुदत चुकली तर निकाल रद्द ठरतो आणि सगळं पुन्हा अर्जापासून. वकिलाने नोंद केली का, हे स्वतः फोन करून विचारा.