नियोजित पेशीमृत्यू : स्वरूप, क्रम व औषधांच्या दाव्यांचे परीक्षण

औषधांच्या माहितीपत्रकांत 'अ‍ॅपॉप्टोसिस' हा शब्द हल्ली वारंवार आढळतो. हळद, अश्वगंधा, भल्लातक यांचे अर्क कर्करोगाच्या पेशींत अ‍ॅपॉप्टोसिस घडवितात, असे त्यांत छापलेले असते. ही पत्रके वैद्यांच्या टेबलावरून व औषधी दुकानांच्या काउंटरवरून रुग्णांच्या हाती जातात. उचगावसारख्या गावातही रुग्ण ती घेऊन विचारणा करतात. म्हणून या शब्दाचा नेमका अर्थ आपण जाणून घेणे आवश्यक आहे.

संकल्पना

१९७२ साली केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी ही संज्ञा रूढ केली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाने वा पाकळ्या गळणे असा आहे. पानगळीच्या वेळी झाड देठाशी पेशींचा विशिष्ट थर तयार करते, मगच पान सुटते व जागा बंद होते. वादळाने फांदी मोडते ती गोष्ट निराळी. गर्भावस्थेत हाताची बोटे सुटी होतात, तीही त्यांमधील पेशी याच रीतीने नाहीशा झाल्यामुळे. एका सूक्ष्म सूत्रकृमीच्या शरीरात वाढीच्या काळात १०९० पेशी निर्माण होतात व त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात. या कृमीवरील संशोधनातून पेशीमृत्यूचे जनुकीय नियंत्रण उलगडले. त्याबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीतील बदलांचा क्रम

१) मृत्यूचा संकेत बाहेरून, पेशीपटलावरील ग्राहकांमार्फत येतो किंवा आत, तंतुकणिकांतून (मायटोकॉन्ड्रिया) उद्भवतो. तंतुकणिकांतून सायटोक्रोम-सी बाहेर पडते. बीसीएल-२ हे प्रथिन त्यास अटकाव करते, तर बॅक्स हे प्रथिन वाट मोकळी करते.
२) 'कॅस्पेज' नावाची एन्झाईम्स क्रमाने जागृत होतात व पेशीचा अंतर्गत सांगाडा कापू लागतात.
३) पेशी आक्रसते व शेजारच्या पेशींपासून सुटते. केंद्रकातील द्रव्य घट्ट होऊन कडेला गोळा होते. डीएनएचे ठराविक लांबीचे तुकडे पडतात.
४) पेशीपटलावर फुगवटे येतात व पेशी लहान लहान पुटिकांत विभागते. पटल अभंग राहिल्याने आतील द्रव्य बाहेर सांडत नाही.
५) पटलाच्या आतील बाजूचे फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येते. ती खूण ओळखून भक्षकपेशी या पुटिका गिळून टाकतात. शोथ उत्पन्न होत नाही.

याउलट नेक्रोसिसमध्ये, म्हणजे पेशींच्या कोथात, पेशी फुगते, पटल फुटते, द्रव्य बाहेर पडते व शोथ होतो. क्षारकर्मात क्षाराच्या स्पर्शाने होणारा पेशीनाश मुख्यतः या प्रकारचा असतो. त्यामुळे 'पेशी मेल्या' एवढ्या निष्कर्षावरून अ‍ॅपॉप्टोसिस सिद्ध होत नाही.

स्वभावोपरमाशी तुलना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात वर्णिलेला स्वभावोपरमवाद म्हणजेच अ‍ॅपॉप्टोसिस, असे कधी कधी मांडले जाते. ही तुलना जपून करावी. भावांच्या उत्पत्तीस कारण लागते, निरोधास लागत नाही, हा त्या वादाचा गाभा होय. अ‍ॅपॉप्टोसिसला मात्र संकेत, एन्झाईम व ऊर्जा ही तिन्ही लागतात. ती पेशीने केलेली क्रिया आहे. दोहोंस एकच म्हणण्याने शास्त्राचा गौरव होत नाही, अर्थ मात्र पुसट होतो.

दाव्यांचे परीक्षण : हळदीचे उदाहरण

आपल्या शेजारच्या सांगलीची हळदपेठ सर्वांना परिचित आहे. हळदीतील कर्क्युमिन काचपात्रातील अनेक प्रकारच्या कर्कपेशींत अ‍ॅपॉप्टोसिस घडविते, हे प्रयोगांनी दिसले आहे. परंतु काचपात्रातील मात्रा रुग्णाच्या रक्तात पोहोचते काय, हा खरा प्रश्न आहे. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिन एकटे दिले असता ते रक्तात मुळीच आढळले नाही किंवा अत्यल्प आढळले. सोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर त्याची उपलब्धता सुमारे २० पट झाली. मात्र शोषण वाढविलेल्या अशा तयार उत्पादनांमुळे यकृतास इजा झाल्याच्या नोंदी पुढे इटली व अमेरिकेतून आल्या आहेत. मरिच व पिप्पलीचा योग करणाऱ्या आपण मंडळींनी हे ध्यानी घ्यावे.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात स्तनकर्करोगाच्या पेशींत व उंदरांत कर्क्युमिनने केमोथेरपीमुळे होणारा अ‍ॅपॉप्टोसिस उलट रोखल्याचे दिसले. एकच द्रव्य परिस्थितीनुरूप दोन्ही दिशांनी कार्य करू शकते. म्हणून केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णास असे अर्क देण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांशी बोलणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

व्यवहारातील निष्कर्ष

पत्रक हाती आल्यावर चार प्रश्न विचारावेत : प्रयोग काचपात्रात झाला, प्राण्यांत की रुग्णांत? ती मात्रा शरीरात गाठता येते काय? निरोगी पेशींचे काय झाले? मृत्यू अ‍ॅपॉप्टोसिसनेच झाला हे कशावरून ठरविले? औषधविक्रेत्यांनी हेही स्मरावे की, १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. तो बरा करण्याचा दावा करणारे पत्रक काउंटरवर ठेवू नये. त्यावर विसंबून रुग्णाने तपासणी वा शस्त्रक्रिया लांबविली, तर गेलेला काळ कोणत्याही औषधाने परत मिळत नाही.