पाईप निवडताना दाब मोजा मे महिन्याचा

पवनानगर परिसरात धरणाचे पाणी उचलून गुलाबाची हरितगृहे व भाजीपाला पिकविला जातो. दिवाळीत चांगली चाललेली पाईपलाईन मे महिन्यात, नेमकी पाण्याची निकड असताना फुटली तर पीक हातचे जाते. याचे कारण समजून घ्यावे.

पावसाळ्यानंतर धरण भरलेले असते. उन्हाळ्यात पातळी उतरते व पंप खाली न्यावा लागतो. पाणी 10 मीटर खाली गेले की पंपाजवळील पाईपवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाब वाढतो. त्याच वेळी पाईप उन्हाने तापतो आणि तापलेल्या प्लॅस्टिकची दाब सोसण्याची ताकद घटते. म्हणून उंची नेहमी धरणाच्या सर्वात खालच्या पातळीपासून मोजावी.

उदाहरणार्थ, शेत त्या पातळीपासून 35 मीटर उंच असल्यास 3.5 किलो दाब येतो. घर्षणाचा अर्धा किलो धरल्यास 4 किलो होतो. वीज अचानक गेल्यावर पाणी उलटून बसणारा धक्का वेगळाच. अशा ठिकाणी 4 किलोचा पाईप न घेता 6 किलोचा घ्यावा.

पाईपचे प्रकार व उपयोग

1) कडक पीव्हीसी : ताठ व स्वस्त. सिमेंट सोल्युशनने सहज जोडता येतो. मात्र उन्हात ठिसूळ होतो. म्हणून किमान 60 सेंमी खोल, दगड-गोटे काढलेल्या मऊ मातीत गाडावा.

2) एचडीपीई : लवचिक व चिवट. पंपाची जागा बदलते तेथे, तसेच उघड्या खडकाळ उतारावर योग्य. यातील काजळी उन्हापासून संरक्षण करते. उष्णतेने तो बराच लांबतो. 100 मीटर पाईप 20 अंशांनी तापल्यास 30 ते 40 सेंमी वाढतो. म्हणून ताणून न टाकता किंचित नागमोडी टाकावा. यास सोल्युशन चिकटत नाही. जोड उष्णतेने किंवा कॉम्प्रेशन फिटिंगने करावा.

3) एलएलडीपीई : मऊ व तडा न जाणारा. ठिबकच्या लॅटरलसाठी वापरावा. काळ्या नळीत उजेड शिरत नसल्याने आत शेवाळ धरत नाही.

4) मऊ पीव्हीसी नळी : हाताने पाणी देण्यापुरतीच वापरावी. कालांतराने कडक होऊन तडकते. पंपाच्या ओढीकडे साधी मऊ नळी लावू नये, ती आत चिपकते. तेथे कडक वेटोळ्याची सक्शन नळीच लावावी.

सोपी परीक्षा : पाईपचा लहान तुकडा बादलीत टाकावा. पीव्हीसी बुडते, पॉलिथिलीन तरंगते. मात्र त्यावरून दाबाची क्षमता कळत नाही. त्यासाठी पाईपवरील आय.एस. क्रमांक व दाबाचा वर्ग वाचूनच खरेदी करावी. पीव्हीसीसाठी आय.एस. 4985, एचडीपीईसाठी 4984 व लॅटरलसाठी 12786 हे क्रमांक पाहावेत.

पीव्हीसीचे जोड दिल्यावर एक दिवस थांबावे, पूर्ण दाबाने चाचणी घ्यावी आणि मगच चर बुजवावा.