रेडमीची खरी किंमत तिसऱ्या वर्षी कळते

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांत मराठी घरी गेलात, तर एखादा तरी रेडमी सापडतोच. धुळे, जळगाव, नंदुरबारहून येऊन लूम्सच्या खात्यात, साडीच्या फोल्डिंगवर किंवा रिंग रोडच्या मार्केटात राबणाऱ्यांनी हा फोन आपलासा केला, त्याचं कारण किंमत. शाओमी ही चिनी कंपनी जुलै 2014 मध्ये भारतात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिचा रेडमी 1एस 5,999 रुपयांना निघाला. नोव्हेंबर 2017 मध्ये रेडमी 5ए आला तेव्हा पहिल्या पन्नास लाख फोनांची किंमत 4,999 ठेवली होती. त्या दिवसांत फोन बिघडला तर लोक नवा घेत.

आता रेडमीला दहा ते पंधरा हजार मोजावे लागतात, नोट प्रो घेतला तर त्याहून बरेच जास्त. एवढे पैसे घातल्यावर फोन चार वर्षं चालायला हवा. तो चालतो का, आणि चालवायला किती लागतात, एवढ्याचाच इथे हिशेब मांडतो. खाली दिलेले दुरुस्तीचे आकडे सुरतेतल्या दुकानांचा साधारण अंदाज आहेत. मॉडेल बदललं की ते बदलतात. कंपनीचे सुट्या भागांचे दर तिच्या भारतीय वेबसाइटवर मॉडेलनुसार दिलेले असतात. दुकानात जाण्याआधी तेवढे बघून जा, म्हणजे समोरचा भाव सांगेल तेव्हा तुमच्याकडेही एक आकडा असेल.

वापरणाऱ्यांशी बोलताना कौतुकाच्या गोष्टी त्याच त्याच येतात. बॅटरी बारा तासांची पाळी सहज काढते. बऱ्याच मॉडेलांत मेमरी कार्ड घालता येतं. नोट मालिकेतल्या फोनांना वर इन्फ्रारेड असल्यामुळे टीव्ही नि एसीचा रिमोट हरवला तरी काम अडत नाही. घरातल्या बायका हा शेवटचा गुण आवर्जून सांगतात. तक्रारीही ठरलेल्या आहेत: जाहिराती येतात, दोन वर्षांनी फोन हँग होतो, आणि काही मॉडेलांचा बोर्ड अचानक जातो.

जाहिरातींचा त्रास फुकटात कमी होतो. सेटिंग्जमध्ये पासवर्ड आणि सुरक्षिततेच्या भागात परवानग्या काढून घेण्याची यादी असते. तिथे ‘एमएसए’ नावाचं एक अॅप दिसेल, त्याची परवानगी काढा. इंटरनेट चालू ठेवा. पहिल्यांदा ‘जमलं नाही’ असा संदेश येतो, तरी दोन-तीनदा पुन्हा करा, होतं. लॉक स्क्रीनवर रोज बदलणारी चित्रं आणि बातम्या येत असतील तर तीही बंद करा, डेटा वाचेल.

हँग होण्याचं मूळ बहुतेक वेळा खरेदीतच असतं. स्वस्त मॉडेलांत ईएमएमसी जातीचं स्टोरेज येतं. ते मुळातच सावकाश चालतं आणि भरत आलं की आणखी मंदावतं. यूएफएस स्टोरेज असलेला फोन हजार-दीड हजारांनी महाग पडला तरी तोच घ्या, आणि 128 जीबीच्या खाली उतरू नका. दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सल सांगतो. तुम्ही त्याला स्टोरेजची जात विचारा. माझ्या मते फोन घेताना विचारायचा हा पहिला प्रश्न आहे.

खरेदीच्या वेळचा दुसरा मुद्दा बिलाचा. 1 एप्रिल 2020 पासून मोबाइलवरचा जीएसटी बारावरून अठरा टक्के झाला. म्हणजे बारा हजारांच्या फोनात सुमारे 1,830 रुपये कर असतो. ‘भाऊ, बिल नको असेल तर चारशे कमी करतो’ असं कुणी म्हटलं तर तिथून निघा. पक्कं बिल, त्यावर तुमचं नाव आणि आयएमईआय क्रमांक, एवढं हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका. फोनची वॉरंटी एक वर्षाची असते, डब्यातल्या चार्जर-केबलची सहा महिन्यांची. डब्यात चार्जर आहे का तेही बघा. 2022 मधल्या रेडमी नोट 11 एसईच्या डब्यात तो नव्हता. हप्त्यावर घेणार असाल तर ‘झिरो’ शब्दावर जाऊ नका. फाइल चार्ज किती, हप्ता चुकला तर दंड किती, हे कागदावर बघा. क्रेडिट कार्डाच्या बिनव्याजी हप्त्यातही व्याजाच्या रकमेवरचा अठरा टक्के जीएसटी वेगळा लागतो.

आता फोल्डर. सुरतेत डिस्प्ले आणि टच मिळून जो एकसंध भाग बदलतात त्याला कारागीर फोल्डर म्हणतात, आणि रेडमीवाल्यांचा सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो. लूम्सच्या खात्यात फोन खिशातून फरशीवर पडतो, मोपेडवरून पडतो, लहान पोराच्या हातून पडतो. साध्या एलसीडीच्या रेडमीचा फोल्डर अधिकृत सर्व्हिस सेंटरवर साधारण दोन ते तीन हजारांत बसतो. भागळच्या जनता मार्केटमध्ये किंवा उधन्याच्या दुकानात त्याच मॉडेलचा फोल्डर हजार ते दीड हजारांत मिळतो. दुकानदार सांगतो, ‘कंपनी जेवुं ज छे’, म्हणजे कंपनीसारखाच आहे. एलसीडीच्या फोनात हा फरक सोसता येतो. उजेड थोडा कमी, रंग थोडे फिके, पण काम चालतं. फोन तीन वर्षांचा झाला असेल तर मीही बाहेरूनच टाकून घ्या म्हणेन.

अॅमोलेड पडद्याचं गणित मात्र वेगळं. नोट प्रोसारख्या फोनांचा असली फोल्डर चार ते सहा हजारांच्या घरात जातो. म्हणून दुकानात त्याच्या जागी स्वस्तातला टीएफटी किंवा इनसेल पडदा बसवतात. तो जाड असतो, बॅटरी जास्त खातो, आणि ज्या फोनचं बोटाचं सेन्सर पडद्याखाली आहे त्यात ते सेन्सर चालतच नाही. पैसे देऊन घरी आल्यावर हे कळलं तर काही करता येत नाही. म्हणून आधीच स्पष्ट विचारा: पडदा अॅमोलेड आहे का, बोटाने उघडेल का, किती दिवसांची हमी. तिन्ही उत्तरं बिलावर लिहून घ्या. दुकानात उभं राहून कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत बोट फिरवा, कॉल लावून फोन कानाला धरा आणि पडदा बंद होतो का पाहा.

फुटली आहे फक्त वरची काच, आतला पडदा आणि टच शाबूत, असं असेल तर फोल्डर बदलायची गरज नाही. मशीनवर नुसती काच बदलून देणारे कारागीर सुरतेत आहेत. सहाशे ते बाराशे रुपये घेतात. त्यात आतला पडदा जाण्याचा धोका असतो. तो गेला तर खर्च कोणाचा, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. शंभर-दीडशेचा टेम्पर्ड ग्लास आणि कडा उचललेलं कव्हर पहिल्या दिवशीच लावलं, तर या परिच्छेदाची वेळ उशिरा येते.

बॅटरीचं काम सोपं आहे. रोज चार्ज होणारी बॅटरी अडीच-तीन वर्षांत उतरते. सर्व्हिस सेंटरवर मजुरी धरून हजार-बाराशेत बदलून मिळते, आणि ही बदली मी तिथेच करा म्हणेन. बाहेर निम्म्या किमतीत मिळणारी बॅटरी कुठल्या पेट्यांतून आली हे कुणालाच ठाऊक नसतं. फोनची पाठ फुगली, कव्हर नीट बसेना, तर चार्जिंग त्याच दिवशी थांबवा. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका.

चार्जिंग लागत नाही म्हणून घाबरून जाणारे खूप. खात्यातली धाग्याची बारीक धूळ आणि मशीनचं तेल चार्जिंगच्या भोकात जाऊन घट्ट बसतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच ती काढा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. खरंच पिन गेली असेल तर खालचा चार्जिंग बोर्ड तीनशे ते पाचशेत बदलतो.

मुख्य बोर्ड गेला तर गोष्ट गंभीर. नवा बोर्ड फोनच्या अर्ध्या किमतीपर्यंत जातो, कधी त्याच्याही वर. त्याआधी एक प्रश्न विचारा: या मॉडेलला वाढीव वॉरंटी आहे का? पूर्वी शाओमीने भारतात रेडमी नोट 10 प्रो, नोट 10 प्रो मॅक्स, पोको एक्स3 प्रो आणि एमआय 11 अल्ट्रा यांच्या बोर्ड व कॅमेऱ्याच्या बिघाडासाठी वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली होती. अनेकांना ते कळलंच नाही, आणि त्यांनी खिशातून पैसे भरले. बाहेरच्या कारागिराकडून आयसी बदलून घेणं हजार-दोन हजारांत होतं, पण ते किती दिवस टिकेल याची हमी कुणी देत नाही. फोनमधून फोटो नि कागदपत्रं काढून घ्यायची असतील तर तेवढ्यापुरतं करा.

पावसाळ्यात लिंबायत, परवत पाटियाकडे खाडीचं पाणी घरात शिरतं तेव्हा फोनही भिजतात. डब्यावर आयपी53 लिहिलेलं असलं तरी ते शिंतोड्यांपुरतं. बुडालेल्या फोनला वॉरंटी नाही. फोन बंद करा, चार्जरला लावू नका, तांदळात पुरू नका. लवकरात लवकर उघडून साफ करून घेतला तर वाचण्याची शक्यता असते, आणि त्याला चारशे-पाचशे लागतात.

दुरुस्ती करायची की नाही, याला मी एक सरळ मोजमाप लावतो. आज तो फोन विकला तर जे पैसे येतील त्याच्या निम्म्याहून दुरुस्ती महाग असेल तर करू नये. बाकी खर्च करणं फायद्याचंच. बारा हजारांचा रेडमी धरा: काच-कव्हर 300, एकदा फोल्डर 2,000, चार्जिंग बोर्ड 400, तिसऱ्या वर्षी बॅटरी 1,000. एकूण 15,700. चार वर्षं वापरला तर महिन्याला 327 रुपये. तोच फोन कसलीही दुरुस्ती न करता दोन वर्षांनी टाकून दिला, तर काच-कव्हर धरून 12,300 रुपयांचे महिन्याला 512 होतात. हजार-दोन हजारांच्या दुरुस्तीला कचरून दिवाळीच्या सेलमध्ये नवा हप्ता बांधून घेणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. हप्त्याच्या ओझ्याखाली गावाकडे जाणारा पैसा कमी होतो, हे मी या वस्त्यांत फार पाहिलंय.

फोन दुरुस्तीला देताना सिम आणि मेमरी कार्ड काढा, फोटोंचा बॅकअप घ्या, पैशांच्या अॅपमधून बाहेर पडा. टच गेलाय पण पडदा दिसतोय, तर पन्नास रुपयांच्या ओटीजी जोडाला संगणकाचा माउस लावा; बाण दिसतो आणि बॅकअप घेता येतो. लॉकचा आकडा चिठ्ठीवर लिहून देऊ नका. सर्व्हिस सेंटरवर जॉबशीट मिळते. तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली आहे का, आधीचे ओरखडे नोंदले आहेत का, खर्चाचा अंदाज आहे का, हे वाचूनच सही करा. भाषा कळत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

जुना रेडमी घेणार असाल तर *#06# दाबून आयएमईआय काढा, इंग्रजीत ‘KYM’ लिहून जागा सोडून तो आकडा 14422 वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत असेल तर कळेल. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हे होतं. तुमचा स्वतःचा चोरीला गेला, तर गुजरातमध्ये 2022 पासून मोबाइल चोरीची ई-एफआयआर घरबसल्या करता येते. ती झाल्यावर संचार साथीवर फोन ब्लॉक करा. सापडलेले फोन पोलीस ‘तेरा तुजको अर्पण’ कार्यक्रमात मूळ मालकांना परत देतात, आणि तिथे पुन्हा तेच पक्कं बिल कामाला येतं.

वॉरंटीत असूनही पैसे मागितले, किंवा तोच बिघाड दुरुस्तीनंतर परत आला, तर आधी कंपनीला लेखी कळवा. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं. कॉल फुकट आहे, आणि मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच तक्रारी इथेच सुटतात. नाही सुटली तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला अर्जाची फी नाही, वकील लागत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरून भरता येतो. गल्लीतल्या दुकानदारानं पैसे घेऊन काम बिघडवलं असेल तर त्याच्यावरही हीच वाट आहे, फक्त त्याचं बिल हवं.

आपल्यातले बरेच जण लग्नसराईत गावी गेले की तिथेच फोन घेतात. बिल चाळीसगावचं आणि फोन बिघडला डिंडोलीत, म्हणून काही अडत नाही. देशातल्या कुठल्याही अधिकृत सेंटरवर ती वॉरंटी चालते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, म्हणजे सुरतेतच. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे; भाडेकराराची प्रत किंवा इथल्या पत्त्याचा पुरावा, बिल आणि सगळ्या जॉबशीट सोबत लावा.