फॉर्मॅट मारण्यापूर्वी

भीमा आणि मुळा-मुठा यांच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या आमच्या राहू बेटात वळवाचा पाऊस येतो तो बहुधा सोसाट्याचा वारा घेऊनच, आणि त्या वाऱ्यात लाईट एकदा जाऊन स्वस्थ बसत नाही. ती जाते, येते आणि पुन्हा जाते. अशाच एका संध्याकाळी, ज्या उपसा सिंचन संस्थेचा जमाखर्च मी सांभाळतो तिच्या कचेरीतील संगणकावर विंडोजचे अपडेट चालू असता वीज वारंवार खंडित झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर एवढाच मजकूर उमटला, की प्रारंभास आवश्यक असलेली एक सिस्टिम फाईल गहाळ किंवा करप्ट झाली आहे. खातेदारांची पाणीपट्टी, पाळीपत्रके, वार्षिक सभांची इतिवृत्ते असे कित्येक वर्षांचे दप्तर त्या एका यंत्रात होते. ज्या दुरुस्तीवाल्याकडे ते नेले त्याने क्षणभर पाहून, ‘काका, विंडोज उडालीय, फॉर्मॅट मारावा लागंल,’ असा निर्वाळा दिला. तो मी मानला नाही, म्हणूनच ते दप्तर आज शाबूत आहे. आणि असा निर्वाळा ऐकण्याचा प्रसंग गावोगावच्या सोसायट्या, शाळा आणि पतसंस्था यांच्यावर नित्य येत असल्यामुळे ही हकीकत सविस्तर नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून मोटर पाणी ओढीनाशी झाली म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही. विंडोज सुरू होण्यास ज्या फायली लागतात त्या निराळ्या, आणि आपण लिहिलेली कागदपत्रे निराळी. पहिल्यांपैकी एखादी बिघडली तरी दुसरी बहुधा जागच्या जागी असतात. अपडेटच्या वेळी जुन्या सिस्टिम फायलींच्या जागी नव्या बसविल्या जात असतात, आणि त्यांतील काही मजकूर डिस्कवर उतरण्यापूर्वी मेमरीतच थांबलेला असतो. तेवढ्यात वीज गेली, तर फाईल अर्धी जुनी, अर्धी नवी अशी राहून जाते. विंडोजची एनटीएफएस ही फाईलव्यवस्था आपल्या रचनेची नोंदवही ठेवते खरी, परंतु ती रचना सावरते. फाईलच्या आतील मजकुराची हमी ती घेत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाईलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडले आणि आपल्याकडील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, तेव्हाही ती एक फाईल काढून टाकताच यंत्रे पूर्ववत चालू लागली होती. फॉर्मॅट हा त्या रोगावरचा इलाज नव्हता, आणि आमच्या यंत्राच्या रोगावरचाही नव्हता.

यास्तव प्रथम पडद्यावरील मजकूर अक्षरशः उतरवून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र काढावे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करून ती डिस्क डेटा परत मिळविणाऱ्या तज्ज्ञाच्याच स्वाधीन करावी. अशा डिस्कवर दुरुस्तीच्या आज्ञा चालविणे म्हणजे उरलेसुरले गमावणे. आवाज नसेल, तर दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दप्तर बाहेर काढावे: दुसऱ्या संगणकावर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून बिघडलेले यंत्र सुरू करावे, ती इन्स्टॉल न करता केवळ चालवून पाहण्याचा पर्याय निवडावा आणि फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली आधी शोधून ठेवावी लागते. या कामात माझा एक संपूर्ण दिवस गेला, आणि तो सार्थकी लागला असे मी निःशंकपणे म्हणतो.

त्यानंतरची दुरुस्ती तुलनेने सोपी. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखविते. न दाखविल्यास किमान ८ जीबीचा विंडोजचा पेनड्राइव्ह करून त्यावरून यंत्र सुरू करावे. तेथे स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचे अपडेट काढून टाकणे, मग सिस्टिम रिस्टोअर, या क्रमाने जावे. एवढ्याने न भागल्यास कमांड प्रॉम्प्टमधून आधी चेक डिस्क आणि मग सिस्टिम फाईल चेकर चालवावा. मात्र या पडद्यावर सी ड्राइव्ह पुष्कळदा डी म्हणून दिसतो, तेव्हा विंडोजचे फोल्डर कोठे आहे याची खातरजमा केल्यावाचून एकही आज्ञा देऊ नये. रेगबॅक फोल्डरातील रजिस्ट्रीची प्रत उचलून आणावी, हा जुना सल्ला आता निरुपयोगी ठरला आहे. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ती प्रत आपोआप घेतली जात नाही. सर्व उपाय थकले, तरी ‘माझ्या फायली ठेवा’ असे सांगून रीसेट करण्याचा मार्ग शिल्लक उरतो. त्यात प्रोग्राम जातात, कागदपत्रे राहतात.

आमचे यंत्र सिस्टिम फाईल चेकरनेच मार्गावर आले. परंतु बाहेर काढलेल्या प्रती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या, तेव्हा श्रीलिपीत टंकलेली जुनी इतिवृत्ते रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगा होऊन समोर आली. मजकूर सुरक्षित होता, केवळ तो फाँट त्या यंत्रात नव्हता. मराठी कचेऱ्यांतील कितीतरी दप्तर असे एकेका फाँटच्या आधारावर तग धरून आहे, आणि फॉर्मॅट झाल्यावर फायली वाचल्या तरी त्या वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जातात, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून कागदपत्रांच्या प्रतीबरोबर फाँटच्या फायलींचीही प्रत घ्यावी, सवड मिळेल तसतशी जुनी कागदपत्रे युनिकोडमध्ये रूपांतरित करावीत, आणि त्यांची एक डिस्क कचेरीऐवजी दुसऱ्या एखाद्या घरी ठेवावी. आम्ही ती दर महिन्याच्या हिशेबानंतर चिटणीसांच्या घरी पोहोचवितो आणि संगणकाला यूपीएस जोडला आहे. वळवाचे ढग दिसू लागले की अपडेट दुसऱ्या दिवसावर ढकलतो.